बिनमुंडक्याचा कॅमेरामन

चर्चमधली रविवारची उपासना घरबसल्या दाखवायची असं मंडळीच्या बैठकीत ठरलं, तेव्हा बजेट होतं पाळकसाहेबांचा जुना फोन आणि वर देवाची कृपा. फोनचा मागचा कॅमेरा फुटका, म्हणजे सगळी भिस्त पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यावर. स्टँड घ्यायला तर दमडीही नव्हती.

"स्टँड माझ्याकडे आहे!" टेलरमास्तर उठून म्हणाले आणि खाली बसेपर्यंत पस्तावले. कारण स्टँडबिंड काही नव्हतं. पण त्यांची आई कंबर मोडून तीन महिने अंथरुणाला खिळलेली. चाळीस वर्षं एक रविवार न चुकवलेली बाई आता भिंतीकडे तोंड करून पडायची, धड दोन घासही खायची नाही.

"आई, या रविवारी तुला चर्च दाखवतोच!" मास्तरांनी घरी येऊन जाहीर केलं.

"तुझं 'दाखवतोच' माहितेय मला," आई भिंतीला म्हणाली. "टेलर आहेस तू."

शनिवारी मास्तरांची नजर दुकानातल्या पुतळ्यावर गेली. लोखंडी पाय, उंची वरखाली करायचा स्क्रू आणि मुंडकं नाही. मुंडक्याच्या जागी त्यांनी फोन इलॅस्टिकनं आवळला. फक्कड!

रविवारी सकाळी पाळकीणबाईंनी पुतळा पाहिला आणि डोळ्यांवर हात धरले. "अहो मास्तर, वेदीसमोर हे असं उघडंबोडकं?"

मास्तर पळत दुकानात गेले, हाताला लागला तो जांभळा कोट आणून पुतळ्यावर चढवला. घाईत एवढंच विसरले, की कोट चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या गायनबाईंचा. महिनाभर त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होत्या आणि महिनाभर मास्तर सांगत होते, "फक्त काज-बटण राहिलंय, बाई."

पुतळा पहिल्या बाकापुढे, वेदीकडे तोंड करून उभा राहिला. घरी बायकोनं आपला फोन सासूच्या उशाशी लावला. गाणी झाली, चित्र झकास. मग पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटून प्रार्थना करू या."

पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे ओले कपडे वाळून इस्त्रीला यावेत एवढी लांब. मध्येच मास्तरांनी एक डोळा किलकिला केला, तर पहिल्या बाकावरच्या गायनबाई पुतळ्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवतायत! फोन आता थेट मंडळीकडे बघत होता आणि त्यात मास्तरांना स्वतःचाच आ वासलेला चेहरा दिसत होता.

"काज-बटण म्हणे!" गायनबाई दातओठ खात पुटपुटल्या. "अहो, याला एक बाहीच नाही!"

मास्तरांनी हात जोडले. मग बोटानं 'वळवा, वळवा' अशी खूण केली.

"आता हात जोडताय? थापा मारताना कुठे गेले होते हात?"

'आमेन' झाल्याबरोबर मास्तर झेपावले. गायनबाईंनी कोटाची कॉलर पकडली. "पुतळ्याला हात लावा, इथल्या इथे कोट उतरवून नेते."

पलीकडून पाळकीणबाई डोळे वटारून बघत होत्या. मास्तर मुकाट्यानं खाली बसले. उपासना संपेपर्यंत वेदी काही कुणाला दिसली नाही.

मान खाली घालून मास्तर घरी आले. बघतात तर काय, आई उशीला टेकून बसलेली आणि पुढ्यात रिकामी ताटली.

"चुकलं गं आई. पाळकसाहेब दिसलेच नाहीत ना?"

"त्यांचं तोंड चाळीस वर्षं बघतेय मी. आवाज येत होता, पुरे झालं. माणसं दिसली रे! माझी तिसऱ्या बाकावरची मैत्रीण किती वाळलीय! बेकरीवाला सगळी प्रार्थना घोरत काढतो, आणि सुतारानं एकदाची कवळी बसवली वाटतं."

"चार घरांतून पाळकसाहेबांना फोन गेलेत," बायको हसू दाबत म्हणाली. "पुतळा असाच उलटा ठेवा म्हणून."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण आईचं संपलं नव्हतं.

"आणि त्या बाईची बाही कधी लावणार? सगळं ऐकू आलंय मला. पहिल्या बाकावर बसायची सोय ठेवली नाहीस तू माझी!"

"लावतो गं. लावलीच समज. मग फक्त..."

"म्हण, म्हण. काज-बटण म्हणून तर बघ!"

सोमवारी दुपारपर्यंत बाही जोडून झाली. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांच्या दुकानात एका कोटाचं खरोखर फक्त काज-बटण राहिलं होतं. तेही राहू द्यायला नको, म्हणून कोट घरी मागवून आई चष्मा लावून, उशीला टेकून, ते स्वतः करत बसली होती.