मानाची सुई

“दहापैकी किती दुखतंय?” आम्रपालीने पेनचं टोपण दातांनी काढत विचारलं.

“बारा,” भगवानराव म्हणाले.

“आबा, दहापैकी बारा कसं होईल?”

“गुडघा कुनाचा हाय? माझा का तुझा? मग लिव्ह बारा.”

आम्रपालीने दहा लिहिलं आणि पुढच्या खुर्चीकडे वळली. तिथे धुळाजी बसले होते. धुळाजी म्हणजे भगवानरावांचे चुलतभाऊ आणि म्हणूनच पक्के वैरी. त्यांनी शेजारचं सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

“माझं तेरा,” ते म्हणाले.

तेलगावच्या शाळेत विज्ञानाने पहिलं पाऊल टाकलं ते असं.

दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात शाळेतर्फे ज्वालामुखी जायचा. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. मागच्या वर्षी एकाच रांगेत पंधरा शाळांचे पंधरा ज्वालामुखी होते आणि त्यातला तेरावा आम्रपालीचा. तो धड फुटलासुद्धा नाही. एक ढेकर दिला आणि गप्प बसला. त्या ढेकरावर वर्गातली पोरं सहा महिने जगली. तेव्हाच तिने ठरवलं, की दहावीत जिल्ह्याला जायचं म्हणजे जायचंच, आणि असं काहीतरी घेऊन जायचं की परीक्षकांची झोपच उडाली पाहिजे.

माजलगावला जिनत मॅडमचा दवाखाना होता. रीतसर डॉक्टर, वरून ॲक्युपंक्चर शिकलेल्या. बारीक सुया टोचून त्या दुखणं कमी करायच्या. आम्रपाली एके दिवशी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मॅडम, सुईनं खरंच बरं वाटतं, का सुई टोचून घेतली या समाधानानं?”

दुसरी कुणी असती तर दवाखान्याबाहेर काढलं असतं. जिनत मॅडम हसल्या. “जगभरचे मोठमोठे डॉक्टर याच्यावरच भांडायलेत, बेटा. ये, तू पण भांड.”

मग बेत ठरला. गुडघेदुखीची वीस मोठी माणसं, चार रविवार. दहा जणांना खरी सुई, दहा जणांना खोटी. खोटी सुई म्हणजे जत्रेतल्या नाटकातला खंजीर. बोथट टोक कातडीला नुसतं टेकतं, दांडी मुठीत सरकते, आणि खालच्या चिकटपट्टीमुळे सुई रुतल्यासारखी ताठ उभी राहते. कुणाला कोणती, ते चिठ्ठी ठरवणार. पडद्यामागे मॅडम सुया लावणार आणि वहीत लिहिणार. वही प्रयोगशाळेच्या कपाटात, सांगाड्याच्या शेजारी, कुलपात. सुई लावली की अर्धा तास पाय उशीवर ठेवून पडून राहायचं. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही.

सगळं शास्त्रशुद्ध होतं. घोळ घातला तो संजय सरांच्या सचोटीने.

“माणसांवर प्रयोग आहे, बेडकांवर नाही,” विज्ञानाचे संजय सर म्हणाले. “प्रत्येकाला आधी खरं सांगायचं. सही घ्यायची.” आणि त्यांनी वीसच्या वीस जणांना समोर बसवून सांगून टाकलं, की तुमच्यातल्या निम्म्यांना खोटी सुई लागणार आहे.

शाळेच्या हॉलमध्ये शांतता पसरली. लग्नात टॉवेल-टोपी वाटताना एक टोपी कमी पडल्यावर जशी पसरते, तशी.

“खोटी कुनाला?” भगवानरावांनी विचारलं. ते माजी सरपंच होते आणि शाळा समितीचे अध्यक्ष.

“ते कुणालाच सांगायचं नाही, आबा.”

“म्या काय म्हन्तो, गावात खोटी लावायसारखी मान्सं काय कमी हायत का?” असं म्हणून त्यांनी धुळाजींकडे पाहिलं.

बस्स. त्या क्षणापासून तो प्रयोग गुडघ्यांचा राहिला नाही.

पहिल्या रविवारी सुया लागल्या. दुसऱ्या रविवारी आम्रपालीने आपली आकड्यांची वही उघडली आणि खुशीत विचारलं, “दहापैकी किती?”

“शून्य,” भगवानराव म्हणाले.

“एकदम?”

“मग? खरी सुई लागल्यावर दुखंल कावून?”

धुळाजींचंही शून्य. मोटारसायकली दुरुस्त करणारे हैदरचाचा उठताना भिंत धरत होते, पण म्हणाले, “शून्य लिख. लोकांनी काय समजावं, आपल्याला नकली लागली?” पुढच्यानेही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. गुडघा दुखतो असं कबूल करणं म्हणजे आपल्या वाट्याला खोटी आली असं कबूल करणं, आणि खोटी आली म्हणजे गावात आपली किंमत ती काय! एकोणीस जणांचे गुडघे आठवड्यात इतके बरे झाले की मॅडमनाच घाम फुटला.

विसावी आम्रपालीची आई, मनिषा. कापूस वेचून वेचून तिचे गुडघे चाळिशीतच वाजायला लागले होते. तिने पहिल्या दिवशी आठ सांगितलं होतं. आता ती म्हणाली, “सात.”

“आई, नीट आठव की गं.”

“दुखतंय तेवढं सांगायचं म्हन्लीस ना? सात.”

हॉलमध्ये खसखस पिकली. “मनिषाला खोटी लागली बघा,” कुणीतरी म्हणालं. आम्रपालीचे कान तापले. आईने मात्र उशी ओढली, पाय वर घेतले आणि डोळे मिटले.

आता नुसतं शून्य सांगून भागेना, पुरावा हवा. धुळाजींनी सरकीच्या पेंडीचं पोतं डोक्यावर घेऊन चौकाला दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला पोतं पुढे गेलं आणि धुळाजी मागे राहिले. भगवानरावांना हे कळलं तेव्हा ते एका लग्नात होते. गेली चार वर्षं ते पंगतीत खुर्चीवर बसत. त्यांनी लाथेनेच खुर्ची बाजूला सारली आणि सगळ्यांदेखत जमिनीवर मांडी घातली.

बसणं जमलं. पंगत उठली तेव्हा कळलं, की उठणं जमत नाही.

“उठा की, आबा,” वाढपी म्हणाला.

“कावून? बुंदी लई चांगली झालीय. वाढ अजून.”

दुसरी पंगत बसली, उठली. भगवानराव बसलेलेच. तिसऱ्या पंगतीला नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला, “आबा, किती जेवताव?” शेवटी मंडप सोडणाऱ्या पोरांनी त्यांना मांडीसकट उचलून जीपमध्ये ठेवलं. चौथ्या रविवारी त्यांनी तरीही ‘शून्य’च सांगितलं, पोट धरून.

तोवर कपाटातली वही कधी उघडणार, याची अख्ख्या गावाला घाई झाली होती. जिल्ह्याला कोण जाणार ते ठरवायला बीडहून परीक्षक येणार होते, त्यांच्यासमोरच पाचव्या रविवारी वही उघडायचं ठरलं. त्याआधी एकेक जण आम्रपालीला गाठून गेला. हैदरचाचांनी तिच्या सायकलची चेन फुकट बसवून दिली आणि वहीची चौकशी केली. धुळाजी टोपलीभर सीताफळं घेऊन आले. “एका शब्दाचा तर सवाल हाय, पोरी.”

“काका, शास्त्रात सीताफळं चालत नाहीत,” आम्रपाली म्हणाली. दोन मात्र ठेवून घेतली, कारण ती पिकलेली होती.

भगवानराव आलेच नाहीत. त्याचंच तिला नवल वाटलं होतं.

पाचव्या रविवारी हॉल खच्चून भरला. परीक्षक हडकुळे होते आणि आतापर्यंत अकरा ज्वालामुखी बघून आले होते. त्यांच्या बाहीवर लाल शिंतोडे होते. कपाट उघडलं, वही आली. मॅडमच्या निळ्या शाईतल्या ओळी मोठ्याने वाचत परीक्षक बोट खाली सरकवत गेले आणि सातव्या ओळीवर थांबले.

“हे काय आहे? खाडाखोड?”

आम्रपालीने वाकून पाहिलं. भगवानरावांच्या नावापुढचं ‘खोटी’ खोडून वर ठसठशीत ‘खरी’ लिहिलं होतं. हिरव्या शाईने.

हिरवी शाई मोठे साहेब लोक वापरतात. तेलगावात ती एकाच माणसाच्या खिशात असे. सरपंच झाल्या दिवशी भगवानरावांनी हिरवा पेन घेतला होता आणि सरपंचकी गेली तरी तो सोडला नव्हता. शाळेच्या किल्ल्यांचा एक जुडगाही अध्यक्ष म्हणून त्यांच्याकडेच होता. परीक्षकांनी वही हॉलकडे वळवली. प्रत्येक माणसाने आधी हिरवी अक्षरं पाहिली, मग भगवानरावांचा खिसा पाहिला आणि मग छताकडे पाहायला सुरुवात केली.

“कुणी केलं हे?” परीक्षकांनी विचारलं.

संजय सरांना मोठा खोकला आला.

“नोंदीत फेरफार असलेला प्रयोग मला घेता येत नाही,” परीक्षक वही मिटत म्हणाले. “ज्याने केलं त्याने कबूल करून सही दिली तर गोष्ट वेगळी. नाहीतर हा प्रयोग बाद.”

चार रविवार, वीस गुडघे, आईवर पिकलेली खसखस, सगळं त्या वहीबरोबर मिटत होतं. आम्रपालीच्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीचा ज्वालामुखी उभा राहिला. अध्यक्षांवर बोट ठेवावं तर पुरावा कुठला? हिरवे पेन बाजारात ढिगाने मिळतात. तिने भगवानरावांकडे पाहिलं. ते धुळाजींकडे पाहून मिशीत हसत होते, कारण धुळाजींच्या नावापुढे स्वच्छ निळ्या अक्षरांत ‘खोटी’ होतं.

आणि तिला एकदम सुचलं.

“सर, बाद करायच्या आधी एकच सांगू का?” ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. “खरी सुई लागून ज्याचं दुखणं गेलं, त्यात काय मोठं? सुईनं गेलं असेल. पण खोटी लागूनसुद्धा ज्याचं गेलं, त्याचं कशानं गेलं? त्याच्या स्वतःच्या मेंदूनं! मेंदू मनावर घेतो आणि अंगातल्या अंगात दुखण्यावरचं औषध तयार करतो. हो ना, मॅडम?”

“होतं असं कधीकधी,” जिनत मॅडम सावधपणे म्हणाल्या. “सगळ्यांना जमत नाही.”

“सगळ्यांना जमत नाही!” आम्रपालीने तेवढंच उचललं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मग धुळाजी हळूहळू उठले. त्यांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांना झेपेना.

“मंजे मला सुई लागलीच न्हाई, तरी गुडघा मीच बरा केला?”

“तुम्हीच, काका.”

“आन् ज्यांला खरी लागली?”

“त्यांना बाहेरची मदत लागली.”

धुळाजींनी मान वळवून भगवानरावांकडे अशी काही कीव करून पाहिलं, की बास. “लागनारच. मान्साला आतून दम नसला की काय करनार बिचारा. पडून ऱ्हा, भगवान, पडून ऱ्हा.”

“आपली बॉडीच असली हाय,” हैदरचाचाही छाती ठोकून म्हणाले. त्यांचीही खोटीच निघाली होती.

भगवानराव तांबडेलाल झाले. “ए धुळ्या! दम कुनाला न्हाई बे? मला खोटीच लागलती! एकदम अस्सल खोटी!”

“वहीत तर खरी हाय.”

“वहीत काय बघतोस? ती खाडाखोड हाय! बुधवारी मधल्या सुट्टीत म्या सोता येऊन खोडलंय! आन ती वही इकडं!”

आणि खिशातून हिरवा पेन काढून, खोडलेल्या जागी पुन्हा ‘खोटी’ असं लिहून, भगवानरावांनी खाली लफ्फेदार सही ठोकली. वर तारीखही घातली. सही वाळायच्या आत संजय सरांचा खोकला बरा झाला.

परीक्षकांनी आम्रपालीचा शेवटचा कागद वाचायला घेतला. त्यावर एकच ओळ होती: ‘एकोणीस जण मानासाठी शून्य बोलल्यामुळे ॲक्युपंक्चरबद्दल आमच्या प्रयोगातून काहीही सिद्ध झालं नाही.’

“आज अकरा शाळा पाहिल्या,” परीक्षक बाहीवरचा लाल डाग खरवडत म्हणाले. “काही सिद्ध झालं नाही असं सांगणारी पहिली तूच. ये जिल्ह्याला.”

निघताना जिनत मॅडमनी आठवण म्हणून तिला एक खोटी सुई दिली, चिकटपट्टीसकट.

रस्त्यात आम्रपाली उड्या मारत होती. “आई, तूच एकटी खरं बोललीस. आठ, सात, सहा, पाच. तुला कोणती लागलती, सांगू? वहीत पाहिलंय मी.”

“नगं सांगू.”

“अगं, पण कशानं कमी झालं ते कळायला नको?”

“मला कळलंय,” आई म्हणाली. “चार रविवार अर्धा तास पाय वर करून पडले. कुनी चहा मागितला न्हाई, पानी मागितलं न्हाई. सतरा वर्षांत पयल्यांदा.” मग तिने हात पुढे केला. “ती सुई दे इकडं.”

पुढच्या रविवारी सकाळी आम्रपालीचे वडील, नवनाथ, ओसरीवरून ओरडले, “चहा टाक गं!”

चहा काही आला नाही. त्यांनी डोकावून पाहिलं. मनिषा उशीवर पाय ठेवून डोळे मिटून पडली होती आणि गुडघ्यावर सुई ताठ उभी होती.

“काय झालं? कावून उठना झालीस?”

“इलाज चालू हाय,” आई डोळे न उघडता म्हणाली. “अर्धा तास हलायचं न्हाई. साखर वरच्या डब्यात हाय. आन् दोन कप टाका.”