बुरशी नक्की कोणाची?

टाचणीताईंना पहिल्यांदा दिसला तेव्हा तो डाग कोटाच्या बटणाएवढा होता. काळपट, शिलाई मशीनच्या मागच्या भिंतीवर. त्यांनी फडक्याने खसाखसा पुसला. आठवडाभरात बटणाचा खिसा झाला. "आता गं बाई!" असं ताई म्हणाल्या, पण तोंडात टाचण्या असल्यामुळे ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही. दिवसभर ओठांत टाचण्या धरूनच त्या वावरत, म्हणून तर अख्खी गल्ली त्यांना टाचणीताई म्हणायची.

बुरशी! मागच्या घरमालकाने याच कारणाने त्यांना घराबाहेर काढलं होतं. "ओले कपडे घरात वाळत घालता, खिडकी उघडत नाही, मग भिंत सडेल नाहीतर काय?" ते शब्द ताईंच्या मनाला अजून टोचत होते. ही खोली मात्र त्यांना जिवापाड आवडायची. उजेड छान, गिऱ्हाइकं इथलीच, आणि वरच्या मजल्यावर राहणारे मालककाका म्हणजे देवमाणूस. एकटा जीव, पण हाक मारली की ओ देणार. ही खोली गेली की आपलं हक्काचं माणूसही जाणार, ही ताईंची धास्ती.

मग त्यांनी शहाण्या माणसाला शोभेल असा मूर्खपणा केला. डागावर कॅलेंडर लावलं. डाग कॅलेंडरच्या बाहेर आला. कॅलेंडरच्या जागी आरसा टांगला. डाग आरशाच्या बाजूने डोकावायला लागला. शेवटी कपड्यांचं कपाट ढकलत ढकलत नेऊन भिंतीला चिकटवलं. भिंतीला वारा लागेनासा झाला, आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. वास यायला लागला म्हणून ताईंनी डांबरगोळ्या पसरल्या, तर एक नवरामुलगा आपला नवा कोट हुंगून म्हणाला, "ताई, हा माझ्या लग्नासाठी शिवलाय, की आजोबांच्या ट्रंकेतून काढलाय?"

त्यातच काकांच्या फेऱ्या वाढल्या. कधी सुई हवी, कधी दोरा हवा. दारात उभे राहून ते आत मान लांब करायचे.

"भिंती बऱ्या आहेत ना? म्हणजे आपलं... तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम!" ताई कपाटाला पाठ लावून सांगायच्या.

"मीही उत्तम," काका म्हणायचे. पण डोळे तारवटलेले, केस तेलकट, सदरा चुरगळलेला. याआधी ते कधी असे दिसले नव्हते. यांना संशय आलाय, ताईंनी ताडलं. मला काढायचं कसं, या विचाराने बिचाऱ्यांची झोप उडाली असणार!

अखेर त्यांनी कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला गाठलं. "उद्या दुपारी या. काका बाहेर जाणार आहेत. त्यांना पत्ता लागू देऊ नका."

रंगारी जरा विचित्र हसला. "दुपारीच ना? बरं बरं."

दुसऱ्या दिवशी काका छत्री घेऊन गेल्याचं पाहून ताईंनी त्याला आत घेतलं. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागची भिंत काळ्या रंगाची बाटली उपडी झाल्यासारखी दिसत होती. तेवढ्यात दारातून दबका आवाज आला, "काय रे, ताई कापड आणायला गेल्या ना? मग पटकन उरकून टाक..."

काका! ताईंच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या.

"काका, माझीच चूक आहे हो!" त्या रडकुंडीला आल्या. "खिडकी मी बंद ठेवली. दिवसभर इस्त्रीची वाफ आत कोंडली."

"वाफेचं काय घेऊन बसलात! माझ्या न्हाणीघराचा नळ भिंतीत गळतोय. म्हणून तर मी टबात उभा राहून तांब्याभर पाण्याने अंघोळ करतोय! ही बुरशी माझी आहे."

"वा! माझ्या खोलीतली बुरशी तुमची कशी?"

"घर कोणाचं?"

"राहतं कोण?"

मालक आणि भाडेकरूचं जुंपलंय म्हणून शेजारीपाजारी दारात जमले. दोघंही चूक आपल्याकडे ओढताहेत हे कळल्यावर हिरमुसून परत गेले.

"दोघांनीही मला चोरून बोलावलं," रंगारी पालथ्या बादलीवर बसून म्हणाला. "आता सरळ ऐका. पाझर मालकाचा, कोंडलेली हवा भाडेकरूची. काका, नळ दुरुस्त करून घ्या. ताई, खिडकी उघडा, कपाट भिंतीपासून लांब ठेवा. भिंत सुकल्याशिवाय मी ब्रश लावणार नाही. पण ताई, एवढी मोठी खिडकी बंद ठेवलीत कशाला?"

ताईंनी मान खाली घातली. "काका एकदा म्हणाले, तुमचं मशीन दुपारभर काय धडधडतं हो! म्हटलं, त्यांची झोपमोड नको."

काका मटकन स्टुलावर बसले.

"अहो, ते कौतुकानं म्हणालो होतो मी! घरात बोलायला कोण आहे मला? खाली मशीन चाललं की वाटायचं, कोणीतरी जागं आहे, आपण पडावं निवांत. आवाज बंद झाला आणि माझी झोपच गेली. वाटलं, ओलीला कंटाळून तुम्ही काम दुसरीकडे हलवलंत. आता खोलीही सोडणार."

"मी? अहो, तुम्ही काढाल म्हणून इथं माझा जीव टांगणीला!"

रंगाऱ्याने उठून खिडकी उघडली आणि नाक पुसलं. डांबरगोळ्यांमुळे, असं त्याचं म्हणणं.

नळ दुरुस्त झाला, भिंत खडखडीत वाळली, रंगही लागला. काका बादल्या भरभरून अंघोळ करायला लागले. एका दुपारी हातातलं सगळं काम संपलं, म्हणून ताईंनी मशीन थांबवलं आणि पाय पसरले. लगेच वर खाट करकरली.

"ताई? बरं आहे ना हो?"

"दोरा तुटला, काका! झोपा तुम्ही."

ताईंनी कोपऱ्यातून एक चिंधी उचलली, मशीनच्या सुईखाली सरकवली, आणि तिच्यावर उगाच टीप घालत बसल्या.