घाडगे सरांच्या मातीच्या बाटल्या

लग्नाला गेलेला माणूस मांडवात शिरला की आधी यजमानांना शोधतो, नाहीतर पंख्याखालची खुर्ची. आमचे घाडगे सर आधी खाली बसतात. मागे कोऱ्हाळे बुद्रुकला आमच्या एका वर्गमित्राच्या लेकीचं लग्न होतं. सर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, मांडवाच्या कडेला उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलली, तळहातावर चोळली, तिचा वास घेतला आणि सरळ जिभेच्या टोकावर ठेवली. नवरीचा बाप हार घेऊन ताटकळत उभा. सरांनी बाजूला जाऊन थुंकलं, चूळ भरली, आणि मग म्हणाले, "खारट झालीय रं. उसाला पाणी जरा कमी सोड." मग गळा पुढं केला.

नवरदेवाकडची मंडळी हबकून बघत होती. "आमचे सायन्सचे सर हायेत," नवरीच्या बापानं सांगितलं. आमच्या बाजूच्या लोकांना एवढं स्पष्टीकरण पुरतं.

बारामतीच्या आमच्या शाळेत सरांनी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. पाचवी संपवून आम्ही खेड्यापाड्यांची पोरं एस.टी.नं तिथं जायला लागलो. बाकीच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, मार्क विचारले, बाप काय करतो ते विचारलं. घाडगे सर म्हणाले, "नावं नंतर. उद्या येताना आपापल्या रानातली मूठभर माती आणायची. रान नसंल त्यानं दारातली आणायची. दार सगळ्यांना असतंच."

मी कऱ्हाटीचा. माती आणायची मी साफ विसरलो. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर आठवण झाली, तशी पानपट्टीच्या मागची मूठभर माती मी कागदात बांधून घेतली. माती ती माती, तिला काय कुणाचं नाव असतं? सरांनी पुडी उघडली, हुंगली, जिभेला लावली आणि त्यांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला.

"गाव?"

"कऱ्हाटी, सर."

"ह्याच्यात चुना हाय, कात हाय आणि एस.टी.चं काळं ऑईल हाय. कऱ्हाटीला डेपो कधी झाला?"

वर्ग खदाखदा हसला. सरांनी मात्र मला मारलं नाही. "जा, परत जा आणि खरी घेऊन ये," एवढंच म्हणाले. मी खरोखर दुपारच्या गाडीनं गावी गेलो. आमच्या वडलांना वाटलं, पोरगं पहिल्याच दिवशी शाळेतून पळून आलं. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "मास्तर येडा दिसतोय, पर खरा दिसतोय," आणि स्वतः विहिरीजवळची माती काढून दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती चाखली. "मुरमाड हाय. पर गोड हाय," म्हणाले आणि तेव्हापासून माझं नाव मुरूम पडलं. बाकीच्यांनाही ज्याच्या त्याच्या मातीचंच नाव: कोऱ्हाळ्याचा चोपण, नदीकाठचा पोयटा, एक चुनखडी नावाची मुलगी होती, ती आता डॉक्टर आहे. सरांना आजही आमची पाळण्यातली नावं आठवत नाहीत.

ही माती हॉर्लिक्सच्या, जॅमच्या, औषधाच्या बाटल्यांत भरली जायची. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, आणि एका लांबलचक वहीत निरीक्षण: रंग, वास, चव. प्रयोगशाळेतलं एक कपाट बघता बघता भरलं, मग दुसरं भरलं, मग बाटल्या खिडकीत आल्या. मुख्याध्यापक कुरकुरले, तेव्हा सर म्हणाले, "पदार्थ हाय सर, जागा व्यापणारच." हे त्यांचं वाक्य. बाकावर चौथा मुलगा घुसला की हेच वाक्य. आमचे अंगानं भरभक्कम हेडक्लार्क दारातून तिरके होऊन आत आले तरी हेच, फक्त जरा हळू आवाजात.

हवेचा धडा ते बाटलीवरच घ्यायचे. एक मोकळी बाटली हातात धरून विचारायचे, "ह्यात काय हाय?" नवा वर्ग एका सुरात ओरडायचा, "काही नाही!" मग सर ती बाटली पालथी करून बादलीतल्या पाण्यात दाबायचे. पाणी आत शिरायचं नाही. जरा तिरकी केली की बुडबुडे बडबडत वर यायचे. "काही न्हाय म्हणत होता न्हवं? मग हे कोण बोलतंय?" त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही घरी रिकामी कळशी पाहिली तरी तिला रिकामी म्हणायला कचरायचो.

सरांचा खरा कस लागला तो तपासणीच्या दिवशी. शिक्षणखात्याचे साहेब आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. सरांनी हवेला वजन असतं हे दाखवायला एका काठीला दोन टोकांना दोन फुगलेले फुगे बांधले, काठी मधोमध दोऱ्यानं टांगली आणि एका फुग्याला टाचणी लावली. फुगा फुटला. आता फुगलेल्या फुग्याकडं काठी झुकायला हवी होती. काठी ढिम्म. आम्ही श्वास रोखून बघत होतो. मुख्याध्यापक दारातून कुजबुजले, "झुकली म्हणा हो थोडीशी!" साहेबसुद्धा समजूतदारपणे मान डोलवत होते. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'निरीक्षण: काहीही झाले नाही.' मग आमच्याकडं वळून म्हणाले, "हवेला वजन हाय. पर आज आपल्याला दिसलं न्हाय. जे दिसलं न्हाय ते लिहायचं न्हाय."

ह्या स्वभावाचा सगळ्यात जास्त ताप काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला झाला. काकूंना बघायला सर त्यांच्या गावी गेले होते, तेव्हा कांदेपोहे तसेच ठेवून परसात गेले आणि पाच मिनिटांनी तोंड पुसत आले. "मला वाटलं, ह्यांना पोहे आवडले न्हाईत म्हणून माती खाल्ली," काकू अजून सांगतात. सर म्हणतात, "माती बघूनच होकार दिला." लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी ह्यावर काकूंनी हसायचं की रुसायचं हे ठरलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी इंदापुरात घर बांधलं. माझं ठिबकच्या सामानाचं दुकान तिथंच हायवेच्या बाजूला, त्यामुळे माझा मास्तर पुन्हा माझा शेजारी झाला. शाळेनं प्रयोगशाळा नवी केली तेव्हा जुनं सामान काढलं, आणि सर टेम्पो करून सगळ्या बाटल्या घरी घेऊन आले. काकूंच्या स्वयंपाकघरात लोणच्याला जागा उरली नाही. "पदार्थ हाय," सर म्हणायला लागले, तेव्हा काकूंनी लाटणं हातात घेतलं होतं असं ऐकतो.

ह्या वर्षी चैत्रात सरांनी मला बोलावलं. गुडघे गेले होते, काकूंना दम लागत होता, मुलगा पुण्याला फ्लॅटवर न्यायचा हट्ट धरून बसला होता. फ्लॅट सहाव्या मजल्यावर. "तितं खाली बघितलं तरी फरशीच हाय," सर म्हणाले. बाटल्या नेता येणार नव्हत्या. म्हणून सर एकेका विद्यार्थ्याला फोन करून ज्याची त्याची माती परत देत होते. लोक येत होते, चहा पीत होते, आपली बाटली रुमालात गुंडाळून नेत होते. माझीही बाटली मला मिळाली. आमच्या विहिरीजवळच्या त्या जमिनीवर आता प्लॉट पडलेत, बंगले उभे आहेत, विहीर बुजली आहे. चिठ्ठीवर माझ्याच गिचमिड अक्षरात 'कऱ्हाटी' लिहिलेलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

फळीवर शेवटी एकच बाटली राहिली. जुनी हॉर्लिक्सची, झाकणाला गंज चढलेली. चिठ्ठीवर सरांचं वळणदार अक्षर, 'जुने पिंपळठाण.' आत काही नव्हतं.

"सर, ही रिकामी," मी बोलून गेलो.

"रिकामी? सहावीत काय शिकलास?"

"हवा आहे, सर."

"हां. पर हवापण तितली न्हाय, हितलीच हाय. खोटं कशाला सांगू."

जुनं पिंपळठाण सरांचं गाव. भीमेच्या काठी होतं. सर बारा वर्षांचे असताना उजनी धरणाचं पाणी वर चढलं आणि गाव उठून नव्या गावठाणात आलं. हे मला माहीत होतं, पण इंदापूर तालुक्यात अशी कितीतरी घरं, त्यामुळे कधी खोदून विचारलं नव्हतं. त्या दिवशी सरांनी स्वतःहून सांगितलं.

"ट्रकमंदी कौलं घेतली. दारं घेतली, चौकटीसकट. जातं घेतलं, कोंबड्या घेतल्या, म्हशीची दावण घेतली. माती कोण घेतो? कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय. मी तर रोज खायचो ती. आई तोंडात बोट घालून काढायची आन् धपाटं घालायची. गोड होती रं, आन् शेवटाला जरा तुरट. चव अजून हितं हाय." त्यांनी जिभेच्या टोकाला बोट लावलं.

"पण सर, मध्ये दुष्काळात पाणी पार तळाला गेलं होतं. गावं उघडी पडली होती."

"गेलो होतो की. ही बाटली घेऊनच गेलो. देवळाच्या पायऱ्या दिसल्या, आमच्या घराचं जोतं दिसलं. उंबऱ्यापाशी बसलो आन् उकरलं. चाखली तर गाळ. वरच्या अंगानं वाहून आलेला, कुठल्या कुठल्या गावचा. कोपरापतुर हात घातला, तरी गाळच. आमची कुठंतरी खाली राहिली." सरांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "मग बाटली तशीच परत आणली. चिठ्ठी आधीच लावली होती, ती काढावी वाटंना."

पाठीमागून काकू म्हणाल्या, "त्या दिवसापास्नं दर उन्हाळ्यात पेपरात धरणाचं पाणी बघत्यात. गुडघे गेल्यापास्नं नुसतं बघत्यात." आता पुण्याला गेल्यावर ही बाटली भरायची नाही, हे त्या दोघांनाही कळत होतं. मलाही कळलं.

पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढली आणि धरणाच्या पाण्याकाठी गेलो. पाणी अजून भरपूर होतं. एका मासेमारी करणाऱ्याला विचारलं, "जुनं पिंपळठाण कुठं आलं?" त्यानं वल्ह्यानं पाण्याच्या मधोमध दाखवलं. "तितं, खाली. औंदा काय वर येत न्हाय बघा." म्हणजे खरी माती मिळायची नव्हतीच. मग मी आयुष्यात दुसऱ्यांदा ठरवून लबाडी करायला घेतली. काठावरची, बांधाकडची, एका बाभळीखालची अशी ठिकठिकाणची माती उचलून जिभेवर ठेवायला लागलो. एक खारट लागली, एक नुसतीच पिठूळ. पक्षी बघायला आलेलं एक शहरी कुटुंब कॅमेरे खाली करून माझ्याकडं बघत होतं. "तुम्हाला बरं वाटत नाही का?" त्यातल्या बाईंनी विचारलं. मी हात झटकून म्हणालो, "सायन्सचं काम आहे." अखेर काठापासून बरंच वर, एका पडीक टेकाडाच्या पोटाला, जरा गोडसर आणि मागून तुरट अशी माती सापडली. निदान मला तशी वाटली. पिशवीत भरून घेतली.

सर निघायच्या दिवशी दारात टेम्पो लागला होता. मी पिशवी पुढं केली.

"सर, पिंपळठाणची आहे. पाणी उतरलंय तिकडं. जोत्यापाशी खोल खणून काढली, गाळाच्या खालची."

सरांनी पिशवीत हात घातला. चोळली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. काकू उंबऱ्यात थबकल्या. मी सहावीतल्यासारखा हात मागं बांधून उभा राहिलो. नेहमी दोन क्षणांत थुंकणारा हा माणूस, त्या दिवशी माती तोंडात धरून उभाच राहिला, आणि मग त्यानं ती गिळली.

"गोड हाय," सर म्हणाले.

"शेवटाला तुरट?"

"हाय की."

त्यांनी बाटली मागितली. गंजलेलं झाकण मी उघडून दिलं. सरांनी स्वतःच्या हातानं मूठ-मूठ माती आत सोडली, ठोकून ठोकून गळ्यापर्यंत भरली. वही काढली, पिंपळठाणच्या पुढं एवढी वर्षं कोरा राहिलेला रकाना होता, त्यात लिहिलं, 'गोड. शेवटी तुरट.' ज्या माणसानं साहेबांसमोर काठी झुकली असं लिहिलं नव्हतं, त्याचं ते अक्षर मी बघत राहिलो.

बाकीचं सामान मागं चढवलं. सर बाटली मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले. मी पाया पडायला वाकलो, तसा त्यांनी माझा कान धरला, सहावीत धरायचे तसाच, आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मुरमा, अजून सहावीतला पोरगा असतास ना, तर आत्ताच्या आत्ता परत पाठवला असता."