एका दिवसाने मोठा

असं समजा, की तुमची बारावी झाली आहे. प्रवेश परीक्षेत दोनशेपैकी एकशे बासष्ट गुण मिळाले आहेत. गुणपत्रिका आईने देवघरात ठेवली आहे आणि तिच्यावर रोज थोडं कुंकू सांडतं. तुम्हाला हवं असलेलं कॉलेज टेकडीवर आहे, घरापासून चालत पंधरा मिनिटं. तिथली कॉम्प्युटरची शेवटची जागा गेल्या वर्षी एकशे एकसष्टला गेली होती. आता तुम्ही काय कराल?

झोपाल. कोथरूडची स्पृहासुद्धा दोन दिवस छान झोपली.

हे २००९ सालचं. आयटी कंपन्यांमध्ये माणसं कमी करणं चालू होतं. समोरच्या इमारतीतला आमोद रोज आठ वाजता बॅग घेऊन निघायचा तो आता दिवसभर गॅलरीत उभा दिसायचा. त्यामुळे चांगलं कॉलेज मिळणं हा एकदम सगळ्या सोसायटीचा विषय झाला होता. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या नम्रताचा फोन आला.

"तू कट्ट्यावर नाहीस?" नम्रताने विचारलं. "अगं, सगळे आहेत. चान्सेस कळतात."

प्रवेशकट्टा ही इंटरनेटवरची एक जागा होती. तिथे प्रवेश न मिळालेली मुलं प्रवेश न मिळालेल्या मुलांना सल्ले देत. खरं नाव कोणी लिहीत नसे. स्पृहाने पाहिलं तेव्हा तिथे एकशे सत्तरच्या खालचं कोणी दिसेना. एकाने लिहिलं होतं, की यंदा सगळीकडे आठ गुणांनी वाढणार. कशावरून, असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं होतं, "बघशीलच."

त्या दिवशी स्पृहाने एकच पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी अर्धी.

"कट्ट्यावर जेवण पण देतात वाटतं," आई, म्हणजे पद्मजाबाई, म्हणाल्या.

बाबा, म्हणजे अनंतराव, एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासत. समोरच्याने सांगितलेलं काहीही पहिल्यांदा खोटं धरायचं, ही त्यांची सव्वीस वर्षांची नोकरी. ते म्हणाले, "कोण कुठली माणसं. ना नाव, ना पत्ता. उद्यापासून तो कट्टा बंद."

"बरं," स्पृहा म्हणाली. आणि बाबा ऑफिसला गेले, की ती कट्टा उघडू लागली.

पण मुलीची अर्धी पोळी बाबांच्याही डोळ्यांसमोरून हलेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तोच कट्टा उघडला. पालकांनी काही विचारलं, की मुलं "काका, पेपर तुम्ही दिला होतात का?" म्हणून हसत. म्हणून त्यांनी विद्यार्थ्याचं सोंग घेतलं आणि 'धडपड्या' हे नाव लावलं. गुण मात्र खरे लिहिले, एकशे बासष्ट. गणिताचे, भौतिकशास्त्राचे, सगळे स्पृहाचे. खाली प्रश्न: टेकडीवरचं कॉलेज मिळेल का?

"जन्मतारीख काय?" कोणीतरी विचारलं. "गुण सारखे असले तर जो वयाने मोठा, त्याला जागा मिळते."

अनोळखी माणसाला खरी जन्मतारीख कधीही द्यायची नाही, असं अनंतराव लोकांना रोज बजावत. त्यांनी एक दिवस आधीची तारीख लिहिली. स्पृहा अठरा ऑगस्टची, धडपड्या सतरा ऑगस्टचा. मग हात धुऊन ते डबा खायला बसले.

कोथरूडमध्ये स्पृहाने ते वाचलं आणि ती पांढरी पडली.

"आई, एक मुलगा आहे. त्याचे सगळे गुण माझ्याएवढेच आहेत. गणितसुद्धा. त्याला पण टेकडीच हवी आहे आणि तो माझ्याहून एका दिवसाने मोठा आहे."

"एका दिवसाने?" पद्मजाबाई भेंडी चिरत होत्या. "सतरा तारखेला मीही त्याच कामाला दवाखान्यात होते. पण मुलगा झाल्याचं मला कोणी सांगितलं नाही."

"आई, चेष्टा नको. शेवटची जागा एकच असते."

स्पृहा मुळात सरळ मुलगी. पण भीती वाटली, की सरळ मुलींनाही बऱ्याच गोष्टी सुचतात. तिने 'अनुभवी सिनियर' असं नाव घेतलं आणि लिहिलं: टेकडीवर मी दोन वर्षं काढली आहेत. लॅब तळघरात आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं. जून ते ऑगस्ट कॉम्प्युटर बंद. पुढे तुमची मर्जी.

ऑफिसात बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. विम्याचा माणूस, त्यामुळे त्यांनी लगेच विचारलं, "साक्षीदार आहेत का?"

स्पृहाने आणखी तीन नावं घेतली आणि तिघांकडून दुजोरा दिला. एकाने तर पाण्यात बेडूक पाहिले होते.

दाव्याला दोन साक्षीदार पुरतात. इथे चार होते. धडपड्याने लिहिलं, "आभारी आहे. वाचवलंत. मी पसंतीत टेकडी खाली टाकतो."

टेकडी घरापासून पंधरा मिनिटांवर होती. जाऊन बघावं, असं दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी स्पृहाने तीन पोळ्या खाल्ल्या आणि वर भात मागितला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. कट्टा बंद केल्यापासून पोर कशी माणसात आली, असं त्यांना वाटलं. आता हिच्यापुढे पाण्याचा विषय काढला, तर पुन्हा अर्ध्या पोळीवर येईल. पसंतीक्रमाचा फॉर्म भरून झाला होता, पण शुक्रवारी पाचपर्यंत तो बदलता येत होता. पासवर्ड बाबांच्या डायरीत होता. शुक्रवारी साडेचारला त्यांनी टेकडी दोन नंबरवर घेतली आणि हायवेवरचं कॉलेज एक नंबरवर टाकलं. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत, पण ते उंचावर असल्याचं त्यांनी नकाशात पाहून ठेवलं होतं.

यादी लागली. स्पृहाने ती उघडली, बंद केली आणि पुन्हा उघडली.

"हायवे," ती शेवटी म्हणाली. "साइट चुकली आहे. मी एक नंबरला टेकडी लिहिली होती."

"साइट बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मी बदललं. तुला आज सांगणारच होतो. अगं, तिथली लॅब तीन महिने पाण्यात असते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एका सिनियरने. चांगला मुलगा आहे. आणि नुसता तोच नाही, आणखी तिघांनी..." बाबा थांबले. स्पृहाचा चेहरा त्यांना बरा वाटेना.

"बेडूक होते का?" तिने हळूच विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"बाबा, तुमचा वाढदिवस कट्ट्यावर सतरा ऑगस्टला असतो का?"

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कुठली जागा किती गुणांना गेली, ती यादी स्पृहाने उघडली. टेकडीची शेवटची जागा एकशे साठला गेली होती.

"पुढच्या फेरीत बदलून घेऊ," बाबा म्हणाले.

"पहिल्या नंबरचं मिळालं, की पुढची फेरी नसते. आपल्याला पहिल्या नंबरचं मिळालं आहे."

पद्मजाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "रोज एका टेबलावर जेवता," त्या म्हणाल्या. "मीठ तरी एकमेकांना तोंडाने मागता, की तेही तिकडेच लिहिता?"

बाबांनी डायरी उघडली, पासवर्डचं पान फाडून घडी करून खिशात ठेवलं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

चार दिवसांनी स्पृहाने पुन्हा कट्टा उघडला. एक मुलगी आली होती, खऱ्या नावाने. अपेक्षा, यवतमाळ. तिने लिहिलं होतं, "टेकडीच्या लॅबचं वाचून मी पण ते खाली टाकलं. हायवेवरचं मिळालं. पुण्यात कोणी ओळखीचं नाही. शिवाजीनगर स्टँडवरून तिथे कसं जायचं?" त्या प्रश्नात कोणाचे गुण नव्हते, त्यामुळे त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

स्पृहाने ते दोन-तीनदा वाचलं. मग सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की लॅबमध्ये पाणी नाही, बेडूक नाहीत, ते चौघेही मीच होते, माझं चुकलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: "टेकडीवाल्यांनी पैसे देऊन माणसं बसवलेली दिसतात. लक्ष देऊ नका." खाली अकरा जणांनी दुजोरा दिला. लॅबमधलं पाणी आता स्पृहालाही उपसता येणार नव्हतं.

मग तिने एकट्या अपेक्षाला लिहिलं. सगळं, बाबांसकट. अपेक्षाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं.

"स्टँडवरून कसं जायचं, तेवढं तरी खरं सांगशील का?"

अपेक्षा येणार होती त्या सोमवारी सकाळी पावणेसातला स्पृहा पायात चपला घालत होती. हातात दोन डबे होते.

"दोन कशाला?" आईने विचारलं.

"एक तिला."

"सोडू का स्कूटरवरून?" बाबांनी किल्ली हातात घेतली होती.

"नको. बसने जाते. कुठली बस ते आज मलाही बघायचं आहे."

यवतमाळची गाडी तासभर उशिरा होती. स्पृहा स्टँडवर उभी राहिली. अपेक्षाने तिला पाहिलेलं नव्हतं, तिने अपेक्षाला पाहिलेलं नव्हतं. तेव्हा तिने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर ठळक अक्षरांत लिहून आणलं होतं: अनुभवी सिनियर. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी ते वाचलं, तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कसला अनुभव?"

तेवढ्यात गाडी फलाटाला लागली, दार उघडलं, आणि तिने कागद आणखी थोडा वर धरला.