मेश्राम सरांची आवरणं

आमचे मेश्राम सर पेनाच्या टोपणालाही टोपण घालतात. खरंच सांगते! मोबाइलला दोन कव्हरं, वर प्लास्टिकची पिशवी. फोन वाजला की पिशवी सोडेपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून देतो.

यवतमाळच्या एका कॉलेजात आम्ही दोघं जीवरसायनशास्त्र शिकवतो. आणि दोघांत फ्रिज एकच, हे माझं नशीब.

"मॅडम, उघडं एन्झाइम म्हंजे मे महिन्यात बिनदुपट्ट्याचा माणूस. कवच पाह्यजे, कवच!"

म्हणून ते दुधातली साखर फोडणारं एन्झाइम शेवाळाच्या चिकात कालवतात, थेंबथेंब क्षाराच्या पाण्यात सोडतात. त्याचे मऊ पांढरे मणी होतात. मग ते मणी खिडकीत उन्हाला ठेवायचे, आणि किती टिकले याची कहाणी मला ऐकवायची. रोज!

"पेपर छापणार आहात का?"

"नाही."

"मग कशाला जीव काढता माझा?"

सरांनी मण्यांच्या डब्यावर आणखी एक फडकं गुंडाळलं.

परवाच्या द्वादशीला फ्रिज उघडला, तर माझ्या नमुन्यांच्या उरावर एक गाठोडं. फडकं, कागद, प्लास्टिक, पुन्हा फडकं. चाचपलं, आत मऊ दाणे. कुणाचा तरी एकादशीचा उरलेला साबुदाणा, म्हणून दिला कचऱ्यात फेकून. ते निघाले सरांचे मणी! नावाची चिठ्ठी होती म्हणे, पण सगळ्यात आतल्या आवरणावर!

सर भांडतील म्हणून मी कंबर कसूनच होते. ते नुसते स्टुलावर बसले.

"पौर्णिमेले माय राळेगावात गल्लीभर खीर वाटते, मॅडम. बुद्धजयंती ना. पण तिलेच आता दूध पचत नाही. मागच्या साली चमचा तोंडापाशी नेला अन् ठेवून देला. म्हणे, तू खाय, मी पाह्यतो. रातभर दुधात हे मणी ठेवले का पचते. पण घरी फ्रिज नाही, अन् एसटीत नुसती आग."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन दिवस त्यांच्या शेजारी उभी राहून मी थेंब सोडत होते. चतुर्दशीला सर डबा घेऊन बसस्टँडवर निघाले, तर डब्याला एकच फडकं.

"एवढंच?" मी खेकसले. माझा दुपट्टा नळाखाली भिजवला आणि डब्याला दोन वेढे दिले.

पौर्णिमेच्या दुपारी सरांचा फोन आला.

"मॅडम, माय दुसरी वाटी मागून राह्यली. देऊ काय?"

"द्या की हो!" मी ओरडले, आणि मलाच रडू फुटलं.