हलक्या कामाची करवत

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मरोळच्या गावठाणात, मिरांडांच्या अंगणात, पन्नासेक वर्षं जुनी पेट्रोलची करवत सुरू झाली. ती सुरू होईल असं फिलिप मिरांडा सोडून कोणालाही वाटलं नव्हतं. ती बंद होणार नाही असं मात्र फिलिपलाही वाटलं नव्हतं!

"बघितलंस? एका झटक्यात!" फिलिप ओरडला.

एका झटक्यात नव्हे. दोरी ओढून ओढून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. पण त्याच्या बायकोला, पेट्रिशियाला, यातलं काहीच ऐकू गेलं नाही. ती दारात उभी राहून हातवारे करत होती. एक हात मिरच्यांकडे, दुसरा फाटकाकडे.

अंगणभर चटयांवर मिरच्या, धणे, तीळ, हळकुंडं वाळत होती. मिरांडांचा वर्षाचा बाटली मसाला त्या दिवशी व्हायचा होता. हा मसाला गॅसवर भाजत नाहीत, निदान पेट्रिशियाच्या घरात तरी नाही. मातीच्या मडक्यात, लाकडाच्या विस्तवावर, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. मग उखळात कुटायचा आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. कुटायला सोनूबाई आणि तिच्या बायका येतात. उन्हाळ्यात सोनूबाईची तारीख मिळणं हे मोठ्या सर्जनची तारीख मिळण्यापेक्षा अवघड, कारण सर्जन निदान पावसाळ्यातही भेटतो! सोनूबाई शनिवारी मिरांडांकडे, रविवारी दुसऱ्या गावठाणात आणि मग थेट गावी. शनिवार चुकला की वर्षभर दुकानातला मसाला. पेट्रिशियाच्या घरात दुकानातला मसाला आला तर काय होतं हे आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायची कोणाची हिंमतही नव्हती.

लाकडासाठी खरं तर वखारीत एक फोन पुरला असता.

"फोन कशाला? अंगणात फांदी पडलीय ना!" फिलिप महिन्यापूर्वी म्हणाला होता. "लाकूड माझ्यावर सोड."

फांदी पडली होती हे खरं. मागच्या पावसाळ्यात चिंचेची फांदी कोसळली, आणि फांदी कसली, अर्धं झाडच ते! वर्षभरात तिचा बाक झाला होता. पाहुणे तिच्यावर बसत, मांजर तिच्याखाली.

पेट्रिशिया काळजीत पडली ती वेगळ्या कारणाने. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून फिलिपला एका जागी बसवत नव्हतं. त्याने दारावरची घंटी दुरुस्त केली, तेव्हापासून ती पाहुणे निघून गेल्यावर वाजते. पंखा दुरुस्त केला, तो आता वारा छताकडे फेकतो. आणि साकीनाक्याच्या एका भंगारवाल्याकडे त्याला ही करवत दिसली. लालभडक, परदेशी, जाड फळ्यांच्या पेटीत निजलेली. पेटीच्या लाकडात इतकं तेल मुरलं होतं की ती उचलणाऱ्याचे हात दोन दिवस चकाकत.

"छोटे-मोटे काम के लिए एक नंबर, साहब," भंगारवाला म्हणाला.

फिलिपला हेच हवं होतं. हलकं काम. सुरुवात म्हणून एक झाड!

समोरच्या इमारतीत राहणारा त्याचा दोस्त चंद्रप्रकाश सावंत जुन्या स्कूटर जिवंत करण्यात पटाईत होता. त्याने करवत उलटीपालटी केली आणि म्हणाला, "अरे, ह्या तर स्कूटरचाच इंजिन! पेट्रोलात ऑइल घालूचा, झाला काम."

मग महिनाभर मिरांडांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. कार्बोरेटर भाताच्या पातेल्यात उकळला. बर्फाच्या ट्रेमध्ये कप्प्याकप्प्यात स्क्रू ठेवले. एका रात्री पेट्रिशियाने सरबतात बर्फ म्हणून जे टाकलं ते खण्णकन वाजलं!

शुक्रवारी सगळं जुळलं. उरली फक्त साखळी.

"साखळी मी आल्यावर चढव हां," मुलुंडला मेहुण्याकडे निघताना चंद्रप्रकाशने बजावलं. "हात लावू नको, फिलिप. गप बसून राहा."

फिलिप गप बसून राहिला. किती वेळ? समोरचा चहा कोमट होईपर्यंत. मग उठला आणि साखळी चढवली. बसली की! काम संपल्यावर टेबलावर एक स्प्रिंग आणि एक वायरचा तुकडा उरला. फिलिपने दोन्ही खिशात टाकले. जुन्या कंपन्या एखादा पार्ट जास्तीचा देत असत, असं त्याने स्वतःला सांगितलं.

ती वायर बंद करण्याच्या बटनाची होती. ती स्प्रिंग इंजिन मंदावलं की साखळी थांबवणारी होती. हे ज्ञान फिलिपला शनिवारी आठ वाजून अकरा मिनिटांनी झालं.

त्याने बटन दाबलं. करवत गरगरत राहिली. पुन्हा दाबलं. मग इतक्या जोरात दाबलं की बटन आत गेलं ते परत आलंच नाही. खाली ठेवू म्हणून वाकला, तर साखळी जमिनीला टेकताच करवत बैलासारखी उसळून पुढे निघाली. फिलिपने तिला कशीबशी आवरली. वर तिच्या टोकातून काळ्या तेलाचे बारीक थेंब उडू लागले. पहिला थेंब मिरच्यांच्या चटईपासून वीतभर लांब पडला.

पेट्रिशियाने तो थेंब पाहिला. आता तिचा आवाज करवतीच्याही वर गेला.

"बाहेर! फिलिप, बाहेर हो! मिरच्यांवर एक थेंब पडला ना, तर तुला कुटीन!"

फिलिप बाहेर पडला. टाकी त्यानेच काठोकाठ भरलेली. पेट्रोल संपेपर्यंत कुठेतरी उभं राहायचं, एवढाच त्याचा विचार होता. पण उभं राहिलं की हाताला अशा मुंग्या येत की दात वाजत, आणि चाललं की जरा बरं वाटे. म्हणून तो चालू लागला. घरापासून गल्लीच्या टोकाच्या क्रुसापर्यंत, क्रुसापासून घरापर्यंत. हातात धूर ओकणारी करवत, डोक्यावर मुलीने पाठवलेली ऊनटोपी, चेहऱ्यावर ओढून आणलेलं हसू. समोरून येणाऱ्यांना त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

आता, आरे कॉलनीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसांना करवतीचा आवाज ऐकू आला की एकच गोष्ट सुचते: झाडं तोडतायत.

पंधरा मिनिटांत श्रुतिका आली. श्रुतिका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि तिच्या गटाकडे 'झाडं वाचवा'चे फलक बारा महिने तयार असत, बांबूच्या काठीसकट. दहाबारा जण मिरांडांच्या फाटकातून घुसले. कापलं जाणारं झाड शोधलं. उभं झाड शाबूत होतं, आडवं होतं ती फांदी. मग त्यांनी फांदीभोवती हातांची साखळी केली. फांदी आडवी असल्यामुळे सगळ्यांना उकिडवं बसावं लागलं, आणि एक उत्साही गृहस्थ तर तिच्यावर पालथे पडून तिला बिलगले!

"अहो, मेलीय ती! वर्ष झालं!" पेट्रिशिया ओरडली.

"आधी मारायचं आणि मग मेलंय म्हणायचं!" श्रुतिका ओरडली.

"वाऱ्याने मारलीय बाई, आम्ही नाही!"

इकडे शेजारचा ॲलन गच्चीवरून सगळं पाहत होता. झाड, करवत, फलक, मोर्चा. गावठाणातल्या माणसाने एवढं पाहिलं की बाकीचं तो स्वतः जुळवतो. अंगण साफ करतायत म्हणजे घर पाडणार. घर पाडणार म्हणजे बिल्डर. ॲलनने लगेच बोरिवलीला यव्होनला फोन लावला. यव्होन म्हणजे फिलिपची धाकटी बहीण, आणि घरात तिचा अर्धा वाटा.

"यव्होन, तुला माहितीय ना? नाही? अगं, फिलिपने घर दिलं! काम सुरूपण झालं! हा बघ आवाज!" आणि त्याने फोन गच्चीच्या कठड्याबाहेर धरला.

यव्होनने पुढचं ऐकलंच नाही. ती रिक्षात होती.

चंद्रप्रकाश मुलुंडहून परतला तेव्हा फिलिपची कितवी तरी फेरी चालू होती. मागे फलकवाल्यांची एक तुकडी, त्यांच्या मागे गावठाणातली झाडून सगळी कुत्री. चंद्रप्रकाश धावत आला. इंजिन बंद पाडायला त्याने चोकचा खटका ओढला, तो मुळासकट हातात आला! मग प्लगची टोपी काढायला गेला, आणि असा झटका बसला की क्रुसासमोर न नमणारा सावंत पहिल्यांदाच क्रुसासमोर गुडघ्यांवर आला.

"मेल्या," उठता उठता तो फिलिपच्या कानात ओरडला, "काय उरवलंस? खरा सांग!"

फिलिपने हनुवटीने खिशाकडे खूण केली. चंद्रप्रकाशने खिशात हात घातला, स्प्रिंग पाहिली, वायर पाहिली, आणि डोक्याला हात लावला.

तेवढ्यात सोनूबाई आली. मागे तिच्या चार बायका, खांद्यांवर लांब मुसळं. तिने धुराकडे पाहिलं, फांदीला बिलगलेल्या गृहस्थांकडे पाहिलं आणि पेट्रिशियाला विचारलं, "विस्तव कुठाय?"

"लाकूड कापतायत," पेट्रिशिया म्हणाली.

"कोण? हे झोपलेले?"

पेट्रिशियाने मग स्वतःच प्रकरण हातात घेतलं. तिने श्रुतिकाचा हात धरला आणि फांदीवर ठेवला. साल भुशासारखी गळली, आतून वाळवी निघाली. श्रुतिका खाली वाकली, नखाने टोकरलं, वास घेतला. तिचा चेहरा पडला.

"मृत आहे," ती गटाला म्हणाली. बिलगलेले गृहस्थ वाळवी झटकत उठले.

पेट्रिशियाने चटया ओढून भिंतीपाशी नेल्या, वर चादरी टाकल्या आणि फाटकातून फिलिपला आत ये म्हणून खुणावलं. फिलिप आला. सगळे मागे सरले. अख्खं गावठाण बघत होतं. महिन्याभराची मेहनत, घंटी, पंखा, सगळ्याचा हिशेब आता चुकता होणार होता! फिलिपने पाय रोवले आणि करवत फांदीवर टेकवली.

करवत किंचाळली. धूर निघाला. फिलिपने आणखी जोर लावला. आणखी धूर. जळक्या चिंचेचा वास सुटला. फांदीवर एक काळी रेघ उमटली, सुबक, जणू कोणी पट्टी धरून काजळाने ओढलेली. पण कापली गेली नाही. तसूभरही नाही!

चंद्रप्रकाशने जवळ जाऊन डोळे बारीक केले आणि हतबल होऊन हात सोडले. साखळी उलटी चढवली होती. दात मागे तोंड करून धावत होते. सकाळपासून ज्या करवतीला बघून माणसं दारं लावून घेत होती, तिने लोणीसुद्धा कापलं नसतं.

आणि त्याच क्षणी पेट्रोल संपलं.

एवढी शांतता गावठाणात कित्येक वर्षांत झाली नव्हती. तिच्यात फाटकाबाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. यव्होन आत आली. तिने करवत पाहिली, गर्दी पाहिली, फांदीवरची काळी रेघ पाहिली.

"मापंपण घेतली?" ती म्हणाली. "कुठे सही केलीस, फिलिप?"

"कसली सही?" फिलिप म्हणाला. पण कानात करवत अजून चालूच असल्यामुळे तो हे एवढ्या जोरात म्हणाला की यव्होनची खात्रीच पटली.

"वर ओरडतोस? पप्पांचं घर देतोस आणि ओरडतोस?"

"यव्होन, मसाला आहे गं आज, मसाला!" पेट्रिशिया मध्ये पडली. "लाकडासाठी चाललंय सगळं!"

"एका मसाल्यासाठी एवढी माणसं? मला वेडी समजतेस, वहिनी?"

पेट्रिशियाने वखारीला फोन लावला. वखारवाला पुतण्याच्या लग्नाला गावी गेला होता. सोनूबाईने पदर खोचला. "बाई, ऊन चढलं. भाजायचं की जाऊ?"

फिलिप फांदीकडे बघत होता, जणू ती आता लाजून स्वतःच तुटेल. सोनूबाई मात्र भिंतीजवळच्या करवतीच्या पेटीकडे बघत होती.

"हे सुकं दिसतंय."

"ते नाही!" फिलिप किंचाळला. "ओरिजिनल पेटी आहे ती!"

"फिलिप," पेट्रिशिया म्हणाली. एवढंच म्हणाली.

सोनूबाईने मुसळाच्या चार घावांत पेटीच्या फळ्या मोकळ्या केल्या. फळ्या कमी पडतील असं दिसताच श्रुतिका पुढे आली. झाल्या प्रकाराने ती जरा ओशाळली होती. तिने फलकांचे कागद काळजीपूर्वक सोडवले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि बांबू पुढे केले. "एवढे चालतील?"

"पळतील!" सोनूबाई म्हणाली.

विस्तव असा पेटला की तसा गावठाणात कोणाच्या मसाल्याला पेटला नसेल. फळ्यांत मुरलेलं तेल भडभडा जळत होतं. ज्वाळेला मधूनच निळी कड येत होती. पेट्रिशियाने पहिल्या मडक्यातली मिरची उचलली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि फिलिपकडे पाहिलं. फिलिपने चिंचेच्या शेंड्याकडे पाहिलं.

"सोनूबाई, वास येतोय का गं कसला?"

"मसाला मुरला की कळेल," सोनूबाई म्हणाली आणि कुटायला बसली.

संध्याकाळपर्यंत बाटल्या भरल्या. यव्होनला शांत करायला पहिली बाटली तिलाच दिली. तिने ती घेतली, पण घराच्या भिंतींवर एकदा हात फिरवून मगच रिक्षात बसली.

चंद्रप्रकाशने रविवारी साखळी सुलट केली, स्प्रिंग आणि वायर जागच्या जागी बसवली. फांदी अजून अंगणातच आहे, काळ्या रेघेसकट. करवतीला आता पेटी नाही आणि ती उघड्यावर गंजेल, म्हणून नवी पेटी करायला हवी, असं फिलिपचं म्हणणं आहे. लाकूड विकत कशाला, अंगणात फांदी पडलीय ना! सुरू करायची दोरी मात्र सोमवार सकाळपासून दिसत नाही. पेट्रिशियाला विचारलं तर ती म्हणते, जास्तीचा पार्ट असेल.

बाकीच्या बाटल्या कपाटात आहेत. पेट्रिशियाने एकही उघडलेली नाही. यव्होनने मात्र तिची बाटली आज दुपारी बोंबलाच्या कालवणासाठी उघडली. फिलिपने फोन करून विचारलं, "कसा झालाय गं?"

"भेटून बोलते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती बोरिवलीहून निघाली आहे. बाटली सोबत आहे, असं ॲलनकडून कळतं.