मनकर्णेच्या आखाजीची सवाष्ण

मनकर्णा गेल्याचं कळलं, तेव्हा सुकलाल फोपनारच्या शेतात केळीचे घड गाडीत चढवत होता. फोन पोरीचा होता, हिमानीचा.

"बाबा, आई गेली."

"अशी कशी गेली? मी न्यायला येतो म्हटलं होतं ना!"

तपासायला म्हणून दवाखान्यात नेलेली बाई संध्याकाळी घरी येणार होती. सुकलालला खरंच वाटलं, की वाट बघून कंटाळली आणि रिक्षा करून निघाली. पलीकडून हिमानीचं रडणं ऐकू आलं, तेव्हा त्याला कळलं. खांद्यावरचा घड त्याने खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. आपटला की केळी काळी पडतात आणि मनकर्णा रागावते, एवढं त्याला तेव्हाही आठवलं.

हे दिवाळीच्या आधीचं. तेराव्याला बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या घरात माणूस मावेना. जो तो जेवून हात पुसत म्हणायचा, "काही लागलं तर सांग हं, सुकलाल!" आणि चप्पल शोधायला लागायचा. थोरली बहीण भागाबाई मात्र चप्पल शोधत नव्हती. ती पदर खोचून म्हणाली, "आखाजीला मी खकनारहून चार दिवस आधी येते. मनकर्णीची पहिली आखाजी आहे. तुला काही जमणार नाही."

इथे सुकलालचं डोकं फिरलं.

"आक्का, तू फक्त जेवायला ये! आखाजी मी करणार. असं ताट मांडीन, असं मांडीन, की मनकर्णा वरून म्हणेल, इतकी वर्षं हा माणूस स्वयंपाकघरात का नाही आला!"

आता, ज्यांच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे नुसती सोन्याच्या दुकानातली गर्दी, त्यांच्यासाठी सांगायला हवं. आमच्या तापीकाठी आखाजी हा गेलेल्या माणसांचा सण. नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आंबा आणि सांजोरी ठेवायची, निखाऱ्यावर घास सोडायचा. आणि गेलेल्याच्या नावाने बाहेरचं एक माणूस पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. पुरुष गेला असेल तर पुरुष. बाई कुंकवाने गेली असेल तर सवाष्ण, म्हणजे जिचा नवरा आहे अशी बाई. ती जेवून उठेपर्यंत घरात कोणी घास घ्यायचा नाही. आणि ती अर्ध्या ताटावरून उठली, तर गेलेलं माणूस उपाशी राहिलं असं समजायचं! सुकलालला एवढीच काळजी होती. मनकर्णा उपाशी राहता कामा नये. बाकी पुरण पातळ झालं काय आणि घट्ट झालं काय!

आदल्या दिवशी तो कुंभाराकडे घागर घ्यायला गेला. तिथे एक बाई आधीच उकिडवी बसलेली. केस पोलीस भरतीतल्या पोरासारखे, दंडावर मोठा गोंदलेला साप, पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. ती एकेक घागर कानाशी धरून टिचक्या मारत होती.

टण्. ठक्. टण्ण्!

सुकलाल बघतच राहिला. मनकर्णा अशीच घागर वाजवून घ्यायची. कुंभार वैतागायचा, सुकलाल लांब जाऊन उभा राहायचा, पण फुटकी घागर कधी घरी आली नाही.

"ताई, एक मला पण निवडून द्या ना," तो म्हणाला. "घरचं माणूस निवडायचं. आता नाहीये."

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा टिचक्या मारत मारत एक घागर काढून दिली. "ही घ्या काका. हिचा आवाज लांबपर्यंत जातो."

"पाणी गार राहील ना?"

"ते मला माहीत नाही बुवा!"

घागर आवाजासाठी घेणारी बाई सुकलालने पहिल्यांदाच पाहिली. संध्याकाळी मावा जलेबीच्या दुकानावर पुन्हा तीच! कढईजवळ हातभर काठीला केसाळ काहीतरी बांधून ती उभी होती. जणू मुंगूस भाजायला आणलंय!

"आता जलेबी पण वाजवून घेता काय?" सुकलालने विचारलं.

"ऐका तर!" तिने स्वतःच्या कानावरचं यंत्र काढून त्याच्या कानाला लावलं. सुकलालने ऐकलं. तुपात पीठ पडल्यावर असा आवाज होतो? जणू दूर कुठे पाऊस आणि टाळ्या एकत्र! इतकी वर्षं जलेबी खाल्ली, ऐकली कधीच नाही.

"तुम्ही काय काम करता, ताई?"

"बँड आहे माझा. गाते."

"लग्नात?"

"बोलावलं तर जाईन की!" ती हसली. इंदूरची मराठी होती ती, प्रतिभा नावाची. गाण्यात घालायला त्या केसाळ माइकमध्ये आवाज गोळा करत फिरत होती म्हणे. सुकलाल घरी येऊन हिमानीला म्हणाला, "एक बाई आलीय गावात. मडकी वाजवते, जलेबीला कान लावते. डोक्याला काहीतरी झालंय बिचारीच्या. पण स्वभाव चांगला आहे." हिमानी पुरण वाटत होती. तिने फक्त "हं" केलं.

आखाजीचा दिवस उजाडला. ताट तयार झालं. सुकलालने लाटलेली पुरणपोळी हुबेहूब मध्य प्रदेशाच्या नकाशासारखी झाली होती आणि नेमकं बुऱ्हाणपूरच्या जागी भोक पडलं होतं! पण आमरस झकास, कुरडया फुललेल्या, सांजोऱ्या खुसखुशीत. भागाबाईने सगळ्याला नाक मुरडून पाहिलं आणि दोष सापडेना म्हणून विचारलं, "सवाष्ण कुठाय?"

"शेजारची अलकावहिनी. महिन्यापूर्वी सांगून ठेवलंय!" सुकलाल ऐटीत बाहेर पडला.

अलकावहिनी स्वतःच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. अरविंद, तिचा नवरा, तिला वारा घालत होता.

"दादा, माफ करा," ती डोळे न उघडता म्हणाली. "सकाळी माझ्या चुलत जावेकडे बसवलं. तिथून उठते तोवर मागच्या गल्लीतल्यांनी ओढून नेलं. आता तिसरं ताट गेलं, तर पुढच्या आखाजीला माझ्याच नावाने घागर भरावी लागेल!"

सुकलाल पळाला. कौतिक शिंप्याकडे गेला. कौतिकची बायको माहेरी. दुसऱ्या घरी सवाष्ण पाटावर बसलेली. तिसऱ्या घरी तर तेच सवाष्ण शोधायला बाहेर पडलेले, त्यांनी सुकलाललाच विचारलं, "तुमच्याकडे एखादी जास्तीची आहे का?" आखाजीला बुऱ्हाणपुरात एक वेळ बर्फ मिळेल, पण रिकाम्या पोटाची सवाष्ण मिळणार नाही! ऊन डोक्यावर आलं. घरी पोरगी उपाशी, बहीण उपाशी, आणि ती वरची तर त्याहून उपाशी!

चौकात उसाची रसवंती घुंगरं वाजवत फिरत होती, आणि तिच्या चाकाला मुंगूस लावून कोण उभं होतं? तीच!

सुकलाल धापा टाकत समोर जाऊन उभा राहिला.

"ताई, लग्न झालंय का तुमचं?"

बाईने कानावरचं यंत्र काढलं. "काय?"

"लग्न! झालंय का?"

"झालंय. का?"

"मंग चला जेवायला!"

आजवर या प्रश्नानंतर लोक नाना गोष्टी बोलले असतील, पण हे कोणी बोललं नसावं. सुकलालने रस्त्यातच सगळं सांगितलं. घागर, पाट, सवाष्ण, अर्ध्यातून उठायचं नाही. प्रतिभा ऐकता ऐकता गंभीर झाली. "म्हणजे जेवताना मी म्हणजे त्या?"

"हो. तुम्ही म्हणजे ती."

"चला," ती म्हणाली.

दारात भागाबाईने तिला पाहिलं आणि पदर तोंडावर दाबला. "सुक्या! ही सवाष्ण? कपाळ कोरं, गळा कोरा, आणि पँट कुत्र्याने फाडलेली!"

"इंदूरला अशाच असतात, आक्का!"

हिमानी पोळी घेऊन बाहेर आली आणि पुतळा झाली. पोळी ताटात पडायच्या ऐवजी जमिनीवर पडली.

"बाबा! आपको पता भी है तुम्ही कोणाला आणलंय?"

"सवाष्णीला."

"बाबा, ये प्रतिभा है! स्टेडियम भरतात हिच्यासाठी! लोकं रडतात!"

"रडायचं ते नंतर. आधी रस वाढ!"

हिमानीने रस वाढला. पण त्याआधी एक फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. पोरगी शोकात होती, उपाशी होती, तरी तेवढं तिने केलंच.

प्रतिभा पाटावर मांडी घालून बसली. सुकलालने निखाऱ्यावर घास सोडला आणि समोर बसला. ती मन लावून जेवू लागली. कुरडई कानाजवळ नेऊन मोडायची, ऐकायची, मग खायची.

"काकू कशा होत्या?" तिने विचारलं.

सहा-सात महिने लोकांनी सुकलालला हजार गोष्टी विचारल्या होत्या. कशाने गेली, कोणता डॉक्टर, दाखला मिळाला का. हे कोणी विचारलं नव्हतं.

"मोठ्याने बोलायची," तो म्हणाला. "मी शेतात, ती बांधावर, तरी सगळ्या फोपनारला कळायचं मी काय विसरलो ते." मग त्याने रसाचं पातेलं पुढे सरकवलं. "घे ना. रस घे अजून. लाजतेस काय, मनकर्णे?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. भागाबाईने मान वळवली. प्रतिभाने आपली वाटी पुढे केली.

एवढ्यात बाहेर गलका झाला. गल्लीत माणसं! पोरं, पोरी, बाया, सायकलवाले. मोबाइलच्या दुकानातला रितेश तर अरविंदच्या पत्र्यावर चढून बसलेला! भागाबाई दारात गेली आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! सुक्या, बघ तरी! मनकर्णीसाठी किती माणूस आलंय! जिवंतपणी कळलं नाही रे आपल्याला!"

"आक्का, ते..."

पण आक्का थांबते? पहिल्या आखाजीला दारात आलेला माणूस विन्मुख पाठवायचा नसतो. तिने रसाचं पातेलं उचललं आणि सरळ गल्लीत! "घ्या, मनकर्णीच्या नावाने घ्या!" रस कमी पडला, पाणी घातलं. पुन्हा कमी पडला, पुन्हा पाणी घातलं. शेवटच्या लोकांना मिळालं ते आंब्याची नुसती आठवण होती! सांजोऱ्या गेल्या, भजी गेली, पोळ्या गेल्या. गर्दी हटवायला आलेल्या पोलिसाला मध्य प्रदेश मिळाला, भोकासकट. अलकावहिनीच्या गळ्याखाली तिसरं ताट उतरणार नव्हतं, पण गर्दीत उभी राहून तिने दोन वाट्या रस घेतला! आणि लोक? आधी त्यांना काही कळेना. मग एकाने विचारलं, "मनकर्णा कोण?" आणि आक्काने सांगायला सुरुवात केली. आत ऐकू येत होतं. सुकलालने ठरवलं, काही सांगायचं नाही. असू दे. तिच्यासाठीच आलेत.

प्रतिभाने शेवटचा घास घेतला. ताट लख्ख! सुकलालचा जीव भांड्यात पडला. मनकर्णा जेवली. पोटभर जेवली. आक्का आत आली, कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं आणि सवाष्णीच्या कपाळाकडे नेलं.

तेवढ्यात पत्र्यावरून रितेश जिवाच्या आकांताने ओरडला, "मॅडम! वो डिवोर्स के बाद वाला गाना! एक बार! बस, एक बार!"

आक्काचं बोट हवेत थांबलं.

हिमानीने डोळे मिटून घेतले.

"बाई," आक्का हळूच म्हणाली, "लग्न झालंय ना तुझं?"

"झालंय ना," प्रतिभा म्हणाली. "दोनदा."

"आणि आत्ता?"

"आत्ता काही नाही." तिने सुकलालकडे पाहिलं. "काका, तुम्ही विचारलंत, लग्न झालंय का. मला वाटलं तेवढंच लागतं."

चूक कोणाची होती? आखाजीला माणूस बाईला लग्न झालंय का एवढंच विचारतो. पुढचं विचारायची वेळ इथे कोणावर आलेली नाही!

सुकलाल गडबडीने दारात गेला. गल्लीत सवाष्णीच सवाष्णी! हिरव्या बांगड्या, भरलेले मळवट, एकीपेक्षा एक. आणि प्रत्येकीच्या हातात रसाची रिकामी वाटी. तो आत पळाला. पातेलं रिकामं, डबा रिकामा, परात पुसलेली.

"सॉरी काका," प्रतिभा उठून हात जोडून म्हणाली. "खरंच सॉरी. वाया गेलं सगळं."

"पोट भरलं का तुमचं?"

"असं कित्येक दिवसांत जेवले नाही."

"मंग वाया कसं गेलं?" तो म्हणाला. त्याला हसू आलं आणि ते लवकर थांबेना. हिमानीलाही आलं. आक्काने दोघांकडे रागाने पाहिलं, मग बोटावरचं कुंकू वाया जायला नको म्हणून प्रतिभाच्या कपाळाला लावूनच टाकलं!

ती गेली, तिच्यामागे गल्ली गेली. आक्काने पंचांग काढायला लावलं. कुंकवाने गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमी असते, त्या दिवशी पुन्हा मांडायचं ठरलं. या वेळी सवाष्ण आक्का बघणार, आणि तिच्या नवऱ्याला सोबत घेऊन येणार, डोळ्यांनी दिसेल असा.

हिमानीने कढईच्या तळाशी उरलेली एक कुरडई बापाला दिली. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

मनकर्णेच्या नावाची सवाष्ण अजून जेवायची आहे.